परदेश दौऱ्याचा प्रवासखर्च आणि प्रवास विमा : नागपूरच्या प्राध्यापक व संशोधकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

परिषदेचे स्वीकृतिपत्र हाती पडले की पहिला विचार विमानाच्या तिकिटाचा येतो, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच असते. तिकीट काढले जाते एका तारखेला, विद्यापीठाचा मंजुरी आदेश निघतो त्यानंतर, विमा घेतला जातो निघण्याच्या आदल्या रात्री आणि परतल्यावर लेखा विभाग विचारतो की आदेशापूर्वीचा खर्च कोणत्या नियमाने द्यायचा. आपल्या विभागातील सहकाऱ्यांची देयके तयार करून देताना मी हे इतक्यांदा पाहिले आहे की हा सगळा क्रम एकदा नीट लिहून ठेवावा असे वाटले. प्रवासखर्च आणि विमा हे दोन वेगळे विषय मानले जातात; प्रत्यक्षात दोन्हींचा निकाल त्याच कागदांवर आणि त्यांवरच्या तारखांवर लागतो.

सुरुवातीलाच एक भेद लक्षात घ्यावा. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, नीरी आणि एम्स यांसारख्या केंद्रीय संस्था आहेत, तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ हे राज्य विद्यापीठ असून त्याला संलग्न महाविद्यालयांचे व्यवस्थापन पुन्हा निरनिराळे आहे. केंद्रीय संस्थांमध्ये साधारणपणे केंद्र सरकारचे प्रवासभत्त्याचे आणि वित्तीय नियम लागू होतात. राज्य विद्यापीठात आणि महाविद्यालयांत राज्याचे नियम, विद्यापीठाचे स्वतःचे आदेश आणि निधी देणाऱ्या संस्थेच्या अटी एकत्र वाचाव्या लागतात. त्यामुळे शेजारच्या संस्थेतील मित्राला जे मिळाले ते आपल्यालाही मिळेल असे गृहीत धरू नये.

पहिली पायरी : मंजुरी आदेशात काय काय लिहून घ्यावे

अर्ज विभागप्रमुखांमार्फत किंवा प्राचार्यांमार्फत जातो, त्यासोबत स्वीकृतिपत्र, कार्यक्रमपत्रिका, निबंधाचा सारांश आणि खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे लागते. शिक्षकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत परिषदा, परिसंवाद इत्यादींसाठी एका शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजेची तरतूद आहे. परिषद तीन दिवसांची असली तरी रजा मागताना प्रवासाचे दिवस त्यात धरावेत, कारण नागपूरहून युरोपला पोहोचण्यात मुंबई किंवा दिल्लीचा थांबा धरून सहज दीड दिवस जातो.

अंदाजपत्रकात विमान भाडे, नोंदणी शुल्क, व्हिसा शुल्क, निवास, दैनिक भत्ता आणि स्थानिक प्रवास ही शीर्षे सर्वजण लिहितात. विम्याचा हप्ता मात्र बहुतेक जण विसरतात. मंजुरी आदेशात ‘प्रवास विम्याचा हप्ता’ हे शब्द नसतील तर पुढे ती रक्कम लहान असली तरी अमान्य होते, आणि तेव्हा लेखा विभागाला दोष देता येत नाही. व्हिसासाठी विमा सक्तीचा असेल तर अंदाजपत्रकाच्या त्या ओळीसमोर तसे स्पष्ट लिहावे. सक्तीचा खर्च नाकारणे कोणत्याही कार्यालयाला कठीण जाते.

परिषदेनंतर दोन-चार दिवस स्वखर्चाने राहायचे असेल तर तेही अर्जातच लिहावे. त्या दिवसांची वेगळी रजा मंजूर करून घ्यावी आणि त्या दिवसांचा दैनिक भत्ता, निवास व विम्याचा वाढीव हप्ता स्वतः भरावा. खासगी दिवस लपवले गेले तर संपूर्ण दौऱ्यावर लेखापरीक्षणात आक्षेप येऊ शकतो. विम्याचा कालावधी मात्र शासकीय आणि खासगी असे सगळे दिवस मिळून एकच असावा, कारण आजारपण रजेचा प्रकार पाहून येत नाही.

दुसरी पायरी : पैसा कोणाचा, हे ठरवणे

दौऱ्याचा खर्च विद्यापीठ, संशोधन प्रकल्प, बाहेरची अनुदान योजना, परदेशी यजमान आणि प्रवासी स्वतः यांच्यात वाटला जाणे नेहमीचे आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात आता विलीन झालेल्या जुन्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या प्रवास योजनेत जवळच्या मार्गाचे इकॉनॉमी वर्गाचे भाडे, विमानतळ कर आणि व्हिसा शुल्क दिले जात असे. अशा योजनेत बसणारा खर्च तिथे आणि उरलेला विद्यापीठाकडे, अशी स्पष्ट विभागणी अर्जातच तक्त्याच्या रूपाने द्यावी. एकाच बिलाची रक्कम दोन ठिकाणांहून मागणे हा गंभीर दोष ठरतो, मग तो अनवधानाने झालेला असला तरी.

यजमान विद्यापीठ विमानाचे भाडे किंवा निवास देणार असेल तर आणखी एक कायदा मध्ये येतो. परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ६ नुसार सरकारी कर्मचारी आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील संस्थांचे कर्मचारी यांनी परदेशात असताना परकीय आदरातिथ्य स्वीकारण्यापूर्वी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते. प्रवासखर्च, मोफत निवास-भोजन, स्थानिक वाहतूक आणि वैद्यकीय उपचार हे सगळे या व्याख्येत येते. अर्ज एफसी-२ या नमुन्यात ऑनलाइन होतो आणि तो निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी पोहोचावा अशी अपेक्षा असते. परदेशात अचानक आजारी पडल्याने तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी लागली तर पूर्वपरवानगीची अट नाही. मात्र अशी मदत घेतल्यापासून एका महिन्याच्या आत सरकारला कळवावे लागते. ही शेवटची तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. आपण या कलमाच्या कक्षेत येतो का, हे कुलसचिव कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

तिसरी पायरी : तिकीट

केंद्रीय संस्थांसाठी नियम नेमका आहे. एअर इंडियाचे खासगीकरण झाल्यानंतर त्याच कंपनीने प्रवास करण्याचे बंधन उरले नाही, पण सरकारी खर्चाचे तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीन अधिकृत संस्थांकडूनच घ्यावे लागते. जून २०२२ च्या आदेशाने प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी तिकीट काढावे असे सांगितले आहे, आणि निघण्याच्या ७२ तासांच्या आत तिकीट काढले तर कारण लिहून द्यावे लागते. राज्य विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयाच्या बाबतीत आपला मंजुरी आदेश काय म्हणतो ते पाहावे. स्वस्त मिळाले म्हणून भलत्याच संकेतस्थळावरून तिकीट काढणाऱ्याला पुढे दोन-तीन हजार वाचवल्याचे समाधान राहते आणि भाड्याची पूर्ण रक्कम अडकते.

नागपूरकरांसाठी याहून महत्त्वाचा प्रश्न पहिल्या टप्प्याचा आहे. नागपूरहून थेट परदेशी जाणारी विमाने मोजकीच असल्यामुळे बहुतेकांना मुंबई किंवा दिल्लीहून पुढे जावे लागते. नागपूर ते मुंबई वेगळे आणि मुंबईपासून पुढे वेगळे तिकीट काढले, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकल्यास पुढची विमान कंपनी जबाबदार राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे हे नेहमी घडते. नागपूरपासून शेवटच्या ठिकाणापर्यंत एकाच पीएनआरवर तिकीट असेल तर पर्यायी विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते आणि जाताना सामानही नागपुरातच शेवटच्या ठिकाणापर्यंत जमा करता येते. येताना मात्र सीमाशुल्क तपासणीसाठी भारतातल्या पहिल्या विमानतळावर सामान उचलावेच लागते, म्हणून परतीच्या प्रवासात मुंबईत किमान चार तास ठेवावेत. एकत्र तिकीट थोडे महाग पडले तरी मी तेच घ्यायला सांगतो, आणि दरांची तुलना दाखवणारे त्या दिवशीचे छायाचित्र धारिकेत लावतो.

ज्यांना रेल्वेने किंवा समृद्धी महामार्गाने मुंबई गाठायची आहे त्यांनी त्या टप्प्याचा आपल्या वेतनस्तरानुसारचा हक्क आधी तपासावा. रेल्वेचा हक्क असताना केलेल्या टॅक्सीचे पूर्ण भाडे मिळेल असे समजू नये.

चौथी पायरी : विमा निवडणे

इथे घाई करू नये. प्रथम देशाची अट पाहावी. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे संरक्षण, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांत लागू असलेले, ज्यात तातडीचे उपचार, रुग्णालयातील भरती आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च येतो, असा विमा सक्तीचा आहे. अमेरिकेच्या बी-१ (कामानिमित्त अल्पकालीन भेटीच्या) व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही, आणि नेमके तिथलेच उपचार सर्वांत महाग आहेत. ‘सक्ती नाही’ याचा अर्थ ‘गरज नाही’ असा घेऊ नये. तिथे जे-१ व्हिसावर अभ्यागत संशोधक म्हणून जाणाऱ्यांसाठी मात्र ठरलेल्या अटी आहेत : प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलर, मायदेशी हलवण्यासाठी ५०,००० डॉलर, पार्थिव परत आणण्यासाठी २५,००० डॉलर, आणि स्वतः सोसायची रक्कम प्रत्येक आजारामागे ५०० डॉलरपेक्षा जास्त नसावी. शिवाय विमा कंपनीच्या पतमानांकनाचीही अट असते, म्हणून भारतातली पॉलिसी घेण्यापूर्वी तिचा मसुदा यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ई-मेलने पाठवून होकार घ्यावा. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्यांना व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो आणि त्यातून तिथली सार्वजनिक आरोग्यसेवा मिळते; अल्पकाळासाठी जाणाऱ्या अभ्यागताकडून भरतीनंतरच्या उपचारांसाठी त्या सेवेच्या दराच्या दीडपट आकारणी होऊ शकते.

त्यानंतर पॉलिसीचे शब्द वाचावेत, जाहिरातीचे नव्हे. संरक्षण कोणत्या क्षणी सुरू होते, घरून निघाल्यावर की भारतातून आंतरराष्ट्रीय विमानात बसल्यावर, हे नागपूरच्या प्रवाशाने मुद्दाम शोधावे, कारण नागपूर–मुंबई टप्प्यातील अपघात किंवा हरवलेले सामान त्यावर अवलंबून असते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारखे आधीपासूनचे आजार अर्जात खरे लिहावेत. बहुतेक पॉलिसींमध्ये अशा आजारांचे नेहमीचे उपचार वगळलेले असतात आणि फक्त जीव वाचवण्यापुरते तातडीचे उपचार दिले जातात. आजार लपवला तर तेवढेही नाकारले जाऊ शकतात. वयाने ज्येष्ठ प्राध्यापकांच्या पॉलिसीत खोलीभाडे, शस्त्रक्रिया, तपासण्या यांच्यावर वेगवेगळ्या मर्यादा असतात. वर मोठा आकडा आणि आत लहान मर्यादा, अशी ती रचना असते. त्या मर्यादांचा तक्ता मागून घ्यावा.

डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक दाव्यातली स्वतः सोसायची रक्कम. समजा उपचारांचे बिल १,२०० डॉलर झाले आणि डिडक्टिबल १०० डॉलर आहे, तर कंपनी १,१०० डॉलर देईल. मात्र ताप-खोकल्यासाठी एकदाच डॉक्टरांना भेटल्याचे बिल ९० डॉलर असेल तर काहीही मिळणार नाही, आणि हे ९० डॉलर विद्यापीठही सहसा देत नाही. ही रक्कम प्रवाशाच्या स्वतःच्या खिशातली धरावी.

पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वीच घेतलेली असावी. प्रयोगशाळेचे काम लांबण्याची शक्यता असेल तर मुदतवाढीचा नियम आधी विचारावा, कारण वाढीव मुदतीसाठी जुनी मुदत संपण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो. पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना सर्वसाधारण प्रवास विम्याऐवजी विद्यार्थ्यांसाठीची पॉलिसी सोयीची ठरते का, हेही पाहावे. सहा महिन्यांच्या संशोधन मुक्कामाला परिषदेची पॉलिसी पुरत नाही.

पाचवी पायरी : परकीय चलन

बहुतेक देशांसाठी एका दौऱ्यात रोख परकीय चलन ३,००० डॉलरपर्यंतच नेता येते. उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डवर, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवलेल्या कार्डवर, घ्यावी. रुपयांच्या नोटा २५,००० रुपयांपर्यंत सोबत नेता येतात. परतल्यावर न खर्चलेले चलन १८० दिवसांच्या आत परत करावे लागते, २,००० डॉलरपर्यंत मात्र स्वतःजवळ ठेवता येते. कार्डात रक्कम भरल्याची पावती जपणे महत्त्वाचे आहे, कारण देयकात विनिमय दराचा पुरावा म्हणून तीच चालते. नोंदणी शुल्क क्रेडिट कार्डने भरले असेल तर आयोजकांची पावती युरोत किंवा डॉलरमध्ये असते आणि बँकेने प्रत्यक्ष कापलेले रुपये त्याहून निराळे असतात. दोन्ही कागद एकत्र जोडावेत.

दैनिक भत्ता केंद्रीय संस्थांमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने देशनिहाय ठरवलेल्या दराने, डॉलरमध्ये मोजला जातो. यजमानांनी जेवण किंवा निवास दिला असेल तर भत्ता कमी होतो, म्हणून काय मिळाले याचे प्रमाणपत्र आयोजकांकडून तिथेच घ्यावे. नागपूरला परतल्यावर ई-मेलने ते मिळवण्यात महिना जातो.

सहावी पायरी : तिथे काही घडलेच तर

आजारपणात रुग्णालयाकडे जाताना किंवा शक्य तितक्या लवकर विम्याच्या मदत केंद्राला फोन करावा. तो क्रमांक मोबाइलमध्ये, कागदावर आणि नागपुरातल्या घरच्यांकडे, अशा तीन ठिकाणी असावा. रोखरहित भरती मदत केंद्राने रुग्णालयाला हमी दिल्यावरच होते आणि कळवायला झालेला उशीर हे दावा नाकारण्याचे नेहमीचे कारण आहे. प्रवाशाला बोलता येत नसेल तर सहकाऱ्याने पॉलिसी क्रमांक, पासपोर्ट क्रमांक आणि रुग्णालयाचे नाव एवढे सांगितले तरी प्रक्रिया सुरू होते. डॉक्टरांचा अहवाल, तपासण्यांचे निकाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि भरलेल्या प्रत्येक रकमेच्या पावतीची मूळ प्रत मागून घ्यावी. इंग्रजीशिवाय अन्य भाषेतले कागद असतील तर तिथेच इंग्रजी प्रत मागणे स्वस्त पडते.

सामान आले नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीच्या काउंटरवर प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट भरावा. आपल्याच विभागातील एका सहकाऱ्याने थकव्यामुळे ‘उद्या फोन करू’ म्हणून हॉटेल गाठले. बॅग सापडली, पण त्या दोन दिवसांत घेतलेल्या कपड्यांचे आणि पोस्टर पुन्हा छापण्याचे पैसे त्यांना विम्यातूनही मिळाले नाहीत आणि विमान कंपनीकडूनही. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार सामानाचे नुकसान झाले तर मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाले तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, आणि विमान कंपनीच्या जबाबदारीची कमाल मर्यादा सध्या प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) इतकी आहे. लॅपटॉप, दागिने, रोख यांना चेक-इन सामानात विम्याचे संरक्षण सहसा नसते. प्रकल्पाच्या निधीतून घेतलेले उपकरण नेत असाल तर ते हातातच ठेवावे.

पासपोर्ट हरवला तर स्थानिक पोलिसांची तक्रार आणि त्यानंतर भारतीय दूतावास, हा क्रम ठेवावा. दूतावास मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. परराष्ट्र मंत्रालयाचे मदद हे संकेतस्थळ तक्रारींसाठी आहे. दूतावासांकडे संकटात सापडलेल्या भारतीयांसाठी कल्याण निधीही असतो, पण तो गरज तपासून दिला जातो आणि विम्याची जागा घेत नाही.

सातवी पायरी : परतल्यावर

केंद्रीय नियमांनुसार अग्रिम उचलला असेल तर समायोजन देयक १५ दिवसांत आणि एरवी प्रवासभत्त्याचा दावा प्रवास संपल्यापासून ६० दिवसांत सादर करावा लागतो. राज्य विद्यापीठात आदेशात दिलेली मुदत पाळावी. देयकासोबत मंजुरी आदेश, तिकीट व भाड्याची पावती, सर्व टप्प्यांचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती, उपस्थितीचे प्रमाणपत्र, हॉटेलची बिले, विम्याची हप्ता पावती आणि दौऱ्याचा अहवाल लागतो. बोर्डिंग पास मोबाइलवर असेल तर प्रवासाआधीच त्याचे छायाचित्र साठवावे, कारण विमान सुटल्यानंतर तो ॲपमधून नाहीसा होतो.

विमा कंपनी आणि विद्यापीठ दोघेही मूळ कागद मागतात. वैद्यकीय आणि सामानाची मूळ बिले विमा कंपनीकडे, प्रवासाची मूळ बिले विद्यापीठाकडे, आणि दोन्हीकडे दुसऱ्याकडील कागदांच्या साक्षांकित प्रती, अशी विभागणी मी करतो. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगावीशी वाटते. दौरा रद्द झाला, तिकिटाचे पैसे विद्यापीठाने दिलेले होते आणि विम्यातून रद्दीकरणाची भरपाई मिळाली, तर ती रक्कम विद्यापीठाची आहे. ती देयकात दाखवावी आणि चलनाने जमा करावी. हा प्रश्न हिशेबापेक्षा सचोटीचा आहे.

विम्याचा दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जावे. विमा नियामकाच्या बिमा भरोसा या संकेतस्थळावरही नोंद करता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. नागपूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येते आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. तक्रारीसोबत कंपनीचे नकारपत्र, पॉलिसीची पूर्ण प्रत आणि मदत केंद्राला केलेल्या पहिल्या फोनची तारीख-वेळ नोंदवलेला कागद जोडावा.